टॅटूचं पथ्य

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी दंडावर बायकोचं नाव गोंदवून घेतलं. वर्षाराणी! नाव लांबलचक, त्यामुळं ओरडलोही भरपूर. टॅटूवाल्यानं बजावलं, पंधरा दिवस ऊन नको, घाम नको आणि खाजवायचं तर अजिबात नाही.

मी पथ्य असं पाळलं की बाळंतिणीनं लाजावं. कागलच्या कारखान्यात रजा टाकली, पंख्याखाली बसलो आणि मंगळवार पेठेतल्या अख्ख्या भावकीला बोलावून दंड दाखवला. वर्षाराणी सगळ्यांना चहा करायची, माझा दंड कोमट पाण्यानं धुवायची, वर मलम लावायची. खाज सुटली की मी हाक मारायचो. मग ती हातातलं काम टाकून यायची आणि हलकेच थापटायची.

सोळाव्या दिवशी शेवटची खपली पडली आणि नाव झळकलं. तिनं त्यावरून बोट फिरवावं म्हणून मी कौतुकानं तिचा हात धरला. मनगटावर भाजल्याचा लांब, काळपट डाग होता.

"अगं, ह्ये कवा भाजलं?"



"झालं की धा-बारा दिवस. मी फोडणी टाकत हुते, आणि तुमास्नी खाज सुटलीती."