सत्तावीस अंश

फळ्यावर मामांनी खडूने सत्तावीस लिहिलं, तेव्हा पोहण्याच्या तलावाचं पाणी एकोणतीसवर होतं.

तलावावरच्या वीस वर्षांच्या नोकरीत या आठवड्याआधी त्यांनी खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. पण तापमापक बॉयलरच्या खोलीत, खोलीची किल्ली मामांच्या कमरेला आणि फळा बाहेर, सगळ्यांसमोर. लोक स्वतःच्या कातडीपेक्षा फळ्यावर जास्त विश्वास ठेवतात, हे मामांना पुरतं ठाऊक होतं.

सत्तावीस हा आकडा तलावाच्या समितीने ठरवलेला. पट्ट्यांमध्ये सरळ फेऱ्या मारणाऱ्यांना, म्हणजे लेनवाल्यांना, गार पाणी हवं होतं आणि मुलंबाळं घेऊन येणाऱ्यांना कोमट. तीन बैठका झाल्या, आवाज चढले आणि लेनवाले जिंकले. तेव्हापासून पोरं निळ्या ओठांनी काठावर कुडकुडत बसायची आणि त्यांच्या आया मामांना बोल लावायच्या, जणू बॉयलर मामांच्या बापाचा होता. अध्यक्षांनी लेखी बजावलं होतं, आकडा हलला तर नोकरी गेली म्हणून समजा.

तरी मामांनी तो हलवला, तो सरांच्या बायकोमुळे.

सर म्हणजे निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. दीड वर्षापूर्वी त्यांना नसांचा आजार जडला. जमिनीवर काठी घेऊन दहा पावलं टाकताना पाय लटपटत, पण पाण्यात उतरले की माणूस पूर्वीसारखा. रोज तिसऱ्या लेनमध्ये अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठीच ते उरलेला दिवस काढत. डॉक्टरांचं नाव काढलं तरी चिडायचे. औषधं, तपासण्या, डॉक्टरांशी बोलणं सगळं बायकोच बघे. सर पोहत तेव्हा ती बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसे.

मागच्या आठवड्यात ती बॉयलरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"मामा, गार पाण्याने त्यांच्या नसा आखडतात हो," ती म्हणाली. "रात्रभर कळा येतात. थोडं कोमट करता आलं तर?"

"ताई, नोकरी जाईल माझी."

"खरंय. तुम्हाला कशाला अडचणीत टाकू." तिने डोळे पुसले. "पोहणं सुटलं तर ते जगायचे नाहीत, म्हणून आले. आणि काही केलंत, तर त्यांना कळू देऊ नका. कुणी दया केलेली खपत नाही त्यांना."

मामांनी स्वतःच्या बायकोचं दुखणं चार वर्षं काढलं होतं. त्यांना नाही म्हणवलं नाही.

दिवसाला अर्धा अंश, असं त्यांनी पाणी चढवत नेलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. पोरांची रडारड थांबली. लेनवाले मात्र लालबुंद होऊन बाहेर यायला लागले.

"मामा, कुठेतरी पाणी मुरतंय," त्यांच्यातला एक औषधांचा दुकानदार म्हणाला. "आत उकडतंय."

"पोट वाढलंय तुमचं, म्हणून उकडतंय. फळा बघा."

दुकानदाराने फळा बघितला, मग पोट बघितलं आणि गुपचूप निघून गेला.

सरांना मात्र गुण येईना. उलट त्यांना वर काढायला आता दोन माणसं लागायची.

"पाय ऐकत नाहीत हो, मामा," काठाला धरून ते एकदा म्हणाले. "पूर्वी वीस फेऱ्या व्हायच्या, आता आठ होता होत नाहीत. दुखणं पुढे सरकलं बहुतेक." ते हसले, पण मामांना गलबलून आलं.

जाता जाता बायको मामांपाशी थांबली. "अजून गारच लागतंय त्यांना. एकतीसपर्यंत नेता येईल?"

मामांनी नेलं.

शनिवारी तलाव कुटुंबांनी भरून गेला होता. जीवरक्षकाचं सगळं लक्ष उथळ बाजूच्या पोरांवर. सर तिसऱ्या लेनच्या मध्यावर थांबले. दमले की ते असेच श्वास रोखून घटकाभर पालथे तरंगत राहायचे, सगळ्यांना त्याची सवय होती. शिट्टी वाजली तेव्हा फार उशीर झाला होता.

"मला वाटलं, विसावा घेताहेत," बाकावरून उठत बायको म्हणाली.

हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच होतं. मामा ओल्या चपलांनी स्ट्रेचरमागे धावले. ज्या माणसासाठी नोकरी पणाला लावली, तो माणूसच हातातून निसटत होता.

सरांवर उपचार करणारे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. बायको भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळाने डॉक्टरांचं लक्ष मामांच्या छातीवरच्या तलावाच्या बिल्ल्याकडे गेलं.

"पाण्याचं तापमान किती होतं?"

खरं सांगून मोकळं व्हावं, असं मामांना मनापासून वाटलं. पण त्यांच्या आधी बायकोच बोलली.

"सत्तावीस. रोज लिहिलेलं असतं फळ्यावर."

तिने मामांकडे पाहिलं. एवढ्या दुःखातही ही बाई आपली नोकरी वाचवतेय, या जाणिवेने मामांचे डोळे भरून आले.

"सत्तावीसच होतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहून खाली सही केली.

"मग पाण्याचा दोष नाही," ते म्हणाले. "या आजाराला गरम पाणी अजिबात चालत नाही, हातपाय एकदम गळून जातात. पण ती काळजी नव्हतीच म्हणा. मागच्या महिन्यात मी ताईंना सगळं समजावलं होतं. त्यांनी तर दोनदा विचारून घेतलं, किती गरम आणि किती वेळात."