ज्ञानेशचा दहावा

स्वतःच्या दशक्रियेला ज्ञानेश जरा उशिराच पोहोचला. अमेरिकेहून विमान वेळेवर आलं होतं, पण चौफुल्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला.

इनामगावात घोड नदीच्या काठी मांडव भरला होता. फ्लेक्सवर ज्ञानेशचा फोटो होता आणि शिरूरचे एक पुढारी त्याच्या जीवनावर बोलत होते. कांदे निवडणाऱ्या आईचं पोर अमेरिकेत गेलं, मोठी कॉम्प्युटरची कंपनी काढली, वगैरे. मागच्या रांगेतल्यांनी वळून ज्ञानेशला पाहिलं, ओळखलं आणि सरकून जागा करून दिली. भाषण मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

घोळ फोटोचा होता. ज्ञानेश कंपनीतून बाहेर पडला, तेव्हा कंपनीने त्याचा काळा-पांढरा फोटो टाकला. खाली '२००६–२०२५' आणि मनापासून आभार. तिकडे याचा अर्थ साहेबांनी खुर्ची सोडली. इनामगावात माणूस जिवंत असेपर्यंत असा फोटो कुणी टाकत नाही. गावच्या ग्रुपवर दिवसभर जोडलेले हात पडत राहिले. आईने फोन लावून पाहिले, पण ज्ञानेश त्या दिवसांत कुणाचाच फोन घेत नव्हता. शेवटी कुणीतरी दशक्रियेचा फ्लेक्स त्याच्याच नंबरवर पाठवला, तेव्हा त्याला कळलं.

भाषण संपताच तो चुलत्यांपाशी, रखमाजी आबांपाशी गेला.

"आबा, मी जिवंत आहे."

"दिसतंय की," आबा म्हणाले. "पन दौंडचे साहेब बोलायचे ऱ्हायलेत. वरवंडहून निघालेत, येतील येवढ्यात."

चुलतभाऊ भिमाजीने त्याच्यासाठी मुंडण केलं होतं. डोक्यावरून हात फिरवत त्याने विचारलं की आता या केसांचं काय करायचं.

आई, भागुबाई, बायकांत बसली होती. दहा दिवस तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. माझं लेकरू गेलं न्हाई, गेलं असतं तर मला कळलं असतं, एवढंच ती सगळ्यांना सांगत होती. ज्ञानेशला पाहून तिने फक्त जेवलास का, म्हणून विचारलं.

ज्ञानेशला संध्याकाळच्या विमानाने परत जायचं होतं. नव्या कंपनीची मीटिंग आहे, असं त्याने सांगितलं. त्याआधी एवढं मिटवा.

तोडगा आबांनीच काढला. पिंड ठेवलाच आहे. कावळा शिवला नाही, म्हणजे ज्ञानेश जिवंत. ज्ञानेशला हे पटलं. कुठलीही गोष्ट टेस्ट करून बघायची त्याला सवयच होती.

बाभळीवर एक कावळा बसला होता. तो जागचा हलला नाही. ज्ञानेश जरा हसला आणि त्याने गाडीची किल्ली काढली.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "न शिवण्याचा दुसराही अर्थ असतो. इच्छा राहिली असेल."

लोकांना हे जास्त ओळखीचं होतं. शिरूरच्या पुढाऱ्यांनी पिंडापुढे येऊन शाळेत ज्ञानेशच्या नावाची कॉम्प्युटर लॅब कबूल केली. तोवर पोहोचलेल्या दौंडच्या साहेबांनी दोन लॅब कबूल केल्या. भिमाजीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ज्ञानेशच्या वाटणीच्या वावरात पाय ठेवणार नाही, असं जड आवाजात सांगितलं. कावळा नदीकडे बघत राहिला.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात भागुबाई उठली. ती पिंडाकडे गेली नाही, ज्ञानेशपुढे येऊन उभी राहिली.

"ह्यांना कशाला इचारायचं? तू हाईस की हितं. काय पायजे बाबा तुला?"

हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. तो मीटिंगचं सांगू लागला. नवी कंपनी, नवी माणसं. मग मध्येच थांबला.

"मी सोडली न्हाई कंपनी, आई. काढलं मला," तो म्हणाला. "मीटिंग न्हाई कसलीच. मला परत जायचं न्हाई."

बाभळीवरचा कावळा उतरला, उड्या मारत पिंडापाशी आला आणि त्याने चोच मारली.

सगळ्यांनी हात जोडले. सवयीने ज्ञानेशनेही जोडले. भागुबाईने एकदा कावळ्याकडे पाहिलं, एकदा ज्ञानेशकडे, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच हंबरडा फोडला.