निनादची बोली

"लाव अजून पाच हजार," शैलेश म्हणाला.

मिथुनचा अंगठा मोबाइलवर तसाच अडला. "आठ लाख झाले रे. आता घेऊ दे त्याला. गाडी तुझी, पैसं पन तुलाच येनार."

"लाव म्हनतो ना!"

मिथुनने लावले. ऑनलाइन लिलावात विकणाऱ्याला स्वतःच्या गाडीवर बोली लावता येत नाही. म्हणून शैलेशने या मित्राच्या नावाने खातं उघडायला लावलं होतं. बेत साधा होता. भाव जरा फुगवायचा आणि ऐन वेळी अंग काढून घ्यायचं. पण समोरचा हटत नव्हता. आणि आता शैलेशही हटायला तयार नव्हता.

साइटवर कुणाचं नाव दिसत नाही, फक्त नंबर आणि तालुका दिसतो. मुंबई-पुण्याचे शौकीन सहा लाखांतच गळाले होते. उरला होता तो नंबर अकरा, पनवेल. पनवेलमध्ये एवढा पैसा आणि एवढा खुनशीपणा एकाच माणसाकडे आहे, याविषयी शैलेशला तिळमात्र शंका नव्हती. निनाद! सख्खा चुलत भाऊ, शेजारच्याच घरातला. मधल्या भिंतीच्या हातभर जागेसाठी दोघं सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते.

गाडी शैलेशच्या बापाची, दादूची. सन चौसष्टची फियाट. पनवेलजवळच्या कोन गावातल्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या तिच्यातूनच सासरी गेल्या. दादू कुणाकडून भाडं घेत नसे. नारळ तेवढा घेई. तो गेला आणि गाडी अंगणातल्या पत्र्याखाली धूळ खात पडली. भंगारवाला तीस हजार द्यायला कुरकुरत होता तोवर शैलेशने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग जुन्या गाड्यांचे भाव आभाळाला भिडले, तसा त्याला बाप आठवला. गाडी धुतली, पुसली, फोटो काढले आणि लिलावाला लावली.

त्या दिवसापासून त्याची आई रंभा त्याच्याशी बोलत नव्हती. जेवायला वाढायची, पण ताट आपटून. आज जवळच्याच कामोठ्याहून बहीण कीर्ती आली होती. तिनेही भावाकडे न बघता थेट स्वयंपाकघर गाठलं. दुपारपासून मायलेकी आत बसून होत्या. शैलेश निनादला घालत असलेल्या शिव्या त्यांना आत स्वच्छ ऐकू जात असणार, पण त्याला त्याची फिकीर नव्हती.

वेळ संपत आली. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर यायचं. त्यामुळे संपतासंपता लिलाव संपेना. हा लावायचा, तो लावायचा. साडेआठ. नऊ. साडेनऊ.

मिथुनने मोबाइल मांडीवर ठेवला. "शैल्या, बास कर. माझ्या अंगावर पडली तर कंपनी कमिशन मागंल. विकनाऱ्याकडून पन आन घेनाऱ्याकडून पन. तू द्यायचास सगला."

"देईन! उद्या तो मेला माझ्या बापाच्या गाडीत बसून माझ्याच दारावरून हॉर्न वाजवत जाईल, ता बघत बसू काय? लाव!"

नुसत्या कल्पनेनेच त्याचं टाळकं सणकलं. पावणेदहा लाख त्याच्या हातात येत होते, आणि त्याला ते नको होते. निनादचं तोंड पडलेलं हवं होतं, बस्स. मिथुनने डोळे मिटून एकदम दहा लाखांची बोली लावली.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. नंबर अकरा गप्प. पडद्यावर मिथुनचं अभिनंदन झळकलं.

शैलेश आरोळी ठोकत उठला आणि भिंतीपाशी धावला. "निनाद! भायेर ये! कसा आपटलास?"

निनादने खिडकीतून डोकं काढलं. "काय वरडतोस रं?"

"दहा लाख नाय परवडलं ना? मोठा आलास माझ्या बापाची गाडी घेनारा!"

"ता डबडा?" निनादला खरंच हसू आलं. "फुकट दिलास तरी नको मना. लावू कुठं? जागा तर तू ढापलीस!" आणि त्याने खिडकी धाडकन लावून घेतली.

शैलेश परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. निनाद खोटं बोलेल, पण असं हसणार नाही, हे तोही जाणून होता. मिथुन डोकं धरून बसला होता. आणि स्वयंपाकघराच्या दारात रंभा उभी होती. तिच्यामागे कीर्ती, हातात मोबाइल.

"नंबर अकरा मी होते," कीर्ती म्हणाली. "आईने सांगितलं तसं लावत गेले. आईच्या पाटल्या, गंठण, माझं सगळं सोनं धरून पावणेदहापर्यंत झेपत होतं. तिथं थांबले."

महिनाभराचा अबोला मोडून आई बोलली. "गाडी दारात ऱ्हायली ना? मंग झाला."

"तू येडी हायस काय, आये?" तो किंचाळला. "मी मधीच थांबलो असतो तर? अंगावर मनीसुद्धा ऱ्हायला नसता तुझ्या!"

रंभा स्वयंपाकघराकडे वळली.

"तू थांबनारा नाय. तुझ्या बापावरच्या मायेचा मना भरवसा नवता. निनादवरच्या रागाचा व्हता."