चौथा रिले

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. भोरच्या दिलावरभाईंच्या स्पीकरच्या दुकानात त्यांची लेक शाहिस्ता चार माईकची पेटी बनवत होती. प्रत्येक माईकचा आवाज वाढवायला एक ऑपअँपची चिप आणि त्या आवाजाची वाट उघडायला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका. बटण दाबलं की रिले टक् करणार आणि तेवढाच माईक स्पीकरला जोडला जाणार. उद्या विंझरच्या लग्नात पुढारी माईकवर कितीही तुटून पडोत, कुणाचा आवाज बाहेर सोडायचा ते शाहिस्ता ठरवणार होती.

भर दुपारी चौथा रिले टक् वाजला.

बटणाला कुणी हात लावला नव्हता. चौथा माईक तर अजून जोडलाच नव्हता. तरी स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला.

"बंद कर ती पेटी," दिलावरभाई म्हणाले. "विंझरला जुनाच अँप्लिफायर न्यायचा."

"न्हाई अब्बा. पेटी म्या बनवलीय. हिच्यात कुनी बोलायचं ते मीच ठरवनार."

तिनं पेटीचा प्लग उपसला. दिवा विझला.

टक्.

दिलावरभाई उलट्या पावली रस्त्यावर गेले. "शाहिस्ता, भाईर ये!"

ती हटली नाही. सोल्डर गननं डाग वितळवून तिनं चौथा रिले सोडवला आणि मुठीत आवळला.

मुठीत टक् झालं. बंद स्पीकरनं लांब श्वास घेतला.

शाहिस्ता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बोलायचं आसंल, तर आदी मला इचारायचं."

 मग स्पीकरमधून कुणीतरी अदबीनं विचारलं, "बोलू?"