अचानक तपासणी

याही खेपेला नाल्याचं पाणी स्वच्छच निघालं. समिधानं बाटली उन्हासमोर धरून पाहिली. तळाशी थोडा गाळ, बाकी काही नाही. सरावलीमागच्या त्या पाड्यावर पोरांच्या पायांना फोड आले होते, खालच्या खाचरांतला भात पिवळा पडून बसला होता, आणि बाटलीतलं पाणी मात्र कुणालाही प्यावंसं वाटेल असं.

"तुमी आल्या का नाला शाना होते," काशीबाई म्हणाली. ती नाल्याच्या अगदी काठावर राहायची. "सकाळपोत लाल व्हता."

 बाटलीला झाकण लावून समिधा गाडीत जाऊन बसली.

मुंबईच्या कॉलेजात ती सार्वजनिक धोरण शिकत होती. शेवटच्या वर्षाचं एक सत्र वर्गाबाहेर काढायचं होतं. मैत्रिणींनी दिल्ली गाठली, समिधानं पालघर मागून घेतलं. ती माकुणसारची. शिकायचं ते आपल्या मुलखाच्या कामी यावं, असं तिला मनापासून वाटे. पालघरच्या एका छोट्या अभ्यासकेंद्रात तिला इंटर्न म्हणून घेतलं. केंद्राच्या प्रमुख पुष्पलताबाई एका प्रश्नावर काम करत होत्या: कारखान्यांची तपासणी आगाऊ कळवून व्हावी की न कळवता? उत्तर शेंबडं पोरही देईल, पण वर पाठवायला पुरावा हवा होता. कारखान्यानं नाल्यात सोडलेल्या रंगीत पाण्याची एक बाटली मिळाली असती तरी पुरे होतं. पाड्याला नळ मिळावा, ही मागणीही त्या बाटलीवरच अडून होती.

घरी या कामाचं मोठं कौतुक होतं. तिचे वडील धर्माजी बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. मुळात अबोल माणूस, पण लेक सरकारला सल्ला देणार म्हणून वाडीतल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. कामावरून सुटले की मोटरसायकल घेऊन ती असेल तिथे जात आणि तिला घेऊनच घरी येत. मागे बसून ती दिवसभराचं सांगत राही. ते ऐकत.

पण पाड्यावर जायचं ठरलं की नाल्याला आधीच कळायचं. पुष्पलताबाईंनी वार बदलून पाहिला, वेळ बदलून पाहिली. कुणीतरी आतलंच फितूर होतं, हे उघड होतं. केंद्रात दुसरा इंटर्न होता मितेश. पालघरचाच, हसरा, सारखा फोनवर. निघायच्या आधी तो हमखास फोन घेऊन बाहेर जायचा. एकदा बोलता बोलता कळलं, त्याच्या काकांचा तारापूरच्या वसाहतीत रंगाचा कारखाना आहे. ही गोष्ट त्यानं आपण होऊन कधी सांगितली नव्हती.

समिधानं बरेच दिवस मनात ठेवलं. मग पुष्पलताबाईंच्या कानावर घातलं.

मितेशनं काका आहेत हे कबूल केलं. जमिनीच्या वादापासून ते आमच्याशी बोलतही नाहीत, म्हणाला. फोन आईला करतो, ती आजारी असते. आईला तर सगळेच फोन करतात, असं पुष्पलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॉलेजला कळवून टाकलं. त्याचं सत्र वाया गेलं.

टेबल आवरताना तो समिधापाशी थांबला. "मला एकदा विचारायचं होतंस," एवढंच म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. पाड्यावरच्या पोरांचे पाय तिच्या डोळ्यांपुढे होते.

त्या संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. बेटेगाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"म्हंजे पोराचं वरीस गेलं?"

"चूक त्याची होती, बाबा."

"त्यालाही आई-बाप असतील," धर्माजी म्हणाले, आणि मग घर येईपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्याच्या पोराचंही यांना इतकं लागतं, याचा समिधाला त्या दिवशी थोडा रागच आला.

पुढची फेरी पुष्पलताबाईंनी कुणालाच सांगितली नाही. दुपारी गाडी दुसऱ्याच गावाला म्हणून निघाली. रस्त्यातल्या एका टपरीवर चहा घेताना त्या हळूच म्हणाल्या, "आता पाड्यावर."  समिधानं रिकाम्या बाटल्या पुसून ठेवल्या, कॅमेरा तपासला, संध्याकाळी कुठे यायचं ते वडिलांना कळवलं, आणि दोघी पुन्हा गाडीत बसल्या. आज रंग सापडणार, याबद्दल तिला शंका उरली नव्हती. मितेश नव्हताच आता.

नाला निवळशंख होता.

काठच्या दगडांवर लाल ओल अजून वाळली नव्हती. पाणी मात्र तळ दिसावा इतकं नितळ. पुष्पलताबाई खाली वाकून बघत राहिल्या, मग एकट्याच काठाकाठानं वर चालत गेल्या. समिधा तिथेच उभी राहिली. पाठमोऱ्या बाईंचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण मितेशचा दिसत होता.

काशीबाई खोपटातून तांब्या घेऊन आली.

"कंपनीचा पाइप आत्ताच बंद केला का, काशीबाई?"

"आत्ताच. दर टायमाला तो एक माणूस येते ना गाडीवर, तोच येऊन सांगून गेला कंपनीवाल्यांना."

"कोण माणूस? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमी कदी इचारला नाय." काशीबाईनं तांब्या तिच्या हातात दिला. "वाईट नाय हाय तो. आज जाताना माज्या दारात थांबला. म्हनला, माजी पोर येल आता, दमून येल, तिला घोटभर पानी दे."