रवा देवरुखला आहे

“आजी, कॅमेरा खाली कर ना! त्याचा फेस दिसत नाहीये.”

पोह्यांवर झाकण ठेवता ठेवता मिहिकाचा हात थांबला. फेस? कोणाचा? गॅस बंद करून ती बाहेर आली.

अस्मी सोफ्यावर फोनला नाक लावून बसली होती. शेजारी नीरव टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता.

फोनमध्ये देवरुखचं अंगण. सासूबाई, मनोरमाबाई, पायरीवर बसलेल्या आणि त्यांच्यासमोर पत्रावळीतला भात चाटत एक तांबूस कुत्रा.

“हा बघ गं बाई तुझा रवा,” मनोरमाबाई म्हणत होत्या. “मजेत आहे हो. मऊ भात खातो, गावभर हिंडतो. तिकडे दुबईत काय, बिचारा एसीत कोंडलेला!”

मिहिकाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

रवा गेला त्या संध्याकाळी रिकामा पट्टा हातात घेऊन डॉक्टरांकडून परत आली होती ती मिहिका. दारातच नीरव दबक्या आवाजात म्हणाला होता, “अस्मीला सांगितलंय, इंडियाला गेला. कार्गोने. इथे काय, सगळेच कधी ना कधी जातात, तिला सवय आहे.” भांडायला तेव्हा तिच्या अंगात त्राण नव्हतं. तेव्हापासून ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती आणि बाहेर येऊन डबे भरत होती. पण हे? हे तिला कोणी विचारलंही नव्हतं.

“रवा! रवा, शेकहँड!” अस्मीने तळवा स्क्रीनसमोर धरला.

कुत्र्याने मान वर केली नाही.

“रवा, लुक हिअर! इट्स मी!”

कुत्र्याने भात संपवला, मनोरमाबाईंच्या पदराचा वास घेतला आणि अंगणाच्या दगडी गडग्यावरून उडी मारून पलीकडे गेला.

“जेवण झालं की झोप येते हो त्याला,” मनोरमाबाई घाईने म्हणाल्या.

अस्मीने हात खाली घेतला. “ही फरगॉट मी.” रडली नाही. जरा वेळाने म्हणाली, “मी त्याची शेपटी ओढली होती ना, म्हणून.”

“तो तुला विसरलेला नाही,” मिहिका म्हणाली.

“मिहिका, आत्ता नको हं. नंतर बोलू,” नीरव म्हणाला.

“नंतर म्हणजे कधी? बारावीनंतर?”

“अगं, सहा वर्षांची आहे ती. सुट्टीत गेलो की सांगितलं असतं, पळून गेला म्हणून.”

“म्हणजे अजून एक! आधी कार्गोने पाठवलास, मग भात चारलास, आता पळवून लावणार. अरे, मेलेल्याला मेलेला तरी राहू द्या! आणि आई, तुम्हीसुद्धा? कोणाचा कुत्रा धरून आणलात?”

“शेजारच्या साळव्यांचा गं.” मनोरमाबाई ओशाळल्या. “नीरव म्हणाला, पोर खूश होईल. मी आपली... पण कुत्र्यासाठी एवढं काय लावून घ्यायचं मनाला? दुसरा आणा.”

“दुसरा आणलातच की तुम्ही!”

सासूबाईंना असं ती आजवर कधी बोलली नव्हती. बोलली, आणि तिला जराही वाईट वाटलं नाही.

ती अस्मीसमोर फरशीवर बसली. “अस्मी, रवा मेला. त्याची किडनी काम करेनाशी झाली होती. डॉक्टरांनी खूप केलं. शेवटपर्यंत मी होते त्याच्याजवळ, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. देवरुखला तो गेलाच नाही.”

मेला. हा शब्द या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने उच्चारला होता.

अस्मीने आईकडे पाहिलं, मग बाबाकडे. “बाबा?”

नीरवने होकारार्थी मान हलवली.

“सो ही डिडन्ट फरगेट मी.”

“नाही गं सोन्या. कसा विसरेल?”

मिहिकाने तिला कुशीत ओढलं. अस्मी आली, पण ताठ राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

“मम्मा, इन्शा पण इंडियाला गेली ना?”

इन्शा तिची वर्गमैत्रीण, खालच्या मजल्यावरची. तिच्या वडिलांची, मुश्ताकभाईंची, नोकरी सुटली आणि गेल्या महिन्यात सगळं बिऱ्हाड दापोलीला परत गेलं, कायमचं. त्यानंतर दोघींचं बोलणं झालं नव्हतं. आज करू, उद्या करू, असंच चाललं होतं.

“हो. इन्शा खरंच गेली.”

“यू सेड दॅट फॉर रवा आल्सो.”

“अगं, इन्शा मस्त आहे तिकडे!” नीरव एकदम पुढे सरसावला. “नवीन शाळा, नवीन फ्रेंड्स...”

“बास, नीरव. खलास.”

मिहिकाने अस्मीच्या हातातून फोन घेतला. “अगं, पण माझं ऐक तरी...” मनोरमाबाई म्हणत होत्या; तिने कॉल तोडला आणि इन्शाच्या आईला, अन्वरीभाभीला, व्हिडिओ कॉल लावला.

रिंग वाजू लागली. वाजत राहिली. नीरव फोनकडे बघत होता, मिहिका फोनकडे बघत होती.

अस्मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.