भिंतीवरची बाई

खरवईची शेती टॉवरखाली गेली आणि काशीबाईंचा तरुणपणीचा फोटो नव्या फ्लॅटच्या माळ्यावर गेला. डोक्यावर गवताचा भारा, पायात चप्पल नाही. "आई, चार लोक येतात घरी, बरं दिसतं का?" असं सून करिष्माचं म्हणणं.

मग तिने हॉलसाठी उल्हासनगरच्या दुकानातून हौसेने भलीमोठी फ्रेम आणली. काळ्या-पांढऱ्या फोटोत एक अनवाणी बाई, डोक्यावर लाकडाची मोळी. "काय ते कष्ट!" म्हणत पाहुण्यांनी तिच्याशेजारी सेल्फी काढले.

"ही आपली कोन गो?" काशीबाईंनी विचारलं.

"आपली कुणी नाही, आई. असेल कुठल्यातरी गावची. हल्ली असले फोटो खूप चालतात."



"मंग माजा फोटू पन त्याच दुकानान नेऊन दे. इकत आनलास का लावशील भिंतीवर."